इंग्लंडांतील ग्रामर शाळा आणि आईबापांची इच्छा

इंग्लंडच्या १९४४ सालच्या शिक्षणाच्या कायद्याचें शहात्तरावें कलम फार लहान आहे. मुलांस त्यांच्या आईबापांच्या इच्छेस अनुसरून शिक्षण द्यावें, मात्र त्यायोगें अध्यापनाच्या सोयीस बाध येऊं नये व सार्वजनिक पैशाचा गैरवाजवी खर्च होऊं नये, एवढाच त्याचा आशय. या एका कलमावर भिस्त ठेवून असंख्य आईबापांनीं अर्जांवर आपली पसंती लिहिली आणि कित्येकांनीं न्यायासनापुढें दाद मागितली. आपलें मूल परीक्षा घेऊन मुलें निवडणाऱ्या ग्रामर शाळेंत घालावें, कीं कोणासहि न निवडतां सर्वांस घेणाऱ्या शाळेंत घालावें, हा वाद त्या देशांत दोन-तीन पिढ्या घरोघर चालला. त्याविषयीं जें लिहिलें गेलें त्यांतील बहुतेकांत एक गोष्ट गृहीत धरलेली आढळते. ती ही कीं, निवड आईबाप करीत होते. कायदे, अहवाल व निवाडे यांवरून आम्हांस तसें दिसत नाहीं. निवड जागांच्या संख्येनें आधींच झालेली असे, व आईबापांची इच्छा तिच्या मागून येई. हें आमचें म्हणणें पुढील प्रमाणांवरून वाचकांनीं तपासून पाहावें.

परदेशच्या शाळांची ही चर्चा या पानांत कशाला, असें कोणी विचारील. परीक्षा घेऊन माणूस पारखण्याचा प्रकार आपणांस नवा नाहीं. पेशवाईंत श्रावणमासीं पुण्यास जमणाऱ्या ब्राह्मणांस दक्षिणा देतांना त्यांच्या विद्येची परीक्षा होत असे, हें दप्तरें चाळणारांस विदित आहेच. परंतु याहून जवळचा एक धागा आहे. कंपनीच्या मुलकी नोकरीच्या जागा डायरेक्टरांच्या वशिल्यानें मिळत. ती रीत १८५३ च्या कायद्यानें मोडली. मेकॉलेच्या कमिटीनें १८५४ सालीं चढाओढीच्या परीक्षेची योजना आंखली व १८५५ सालीं पहिली परीक्षा झाली. इंग्लंडच्या स्वतःच्या कचेऱ्यांस हीच रीत सर्वसाधारणपणें लागू होण्यास १८७० साल उजाडावें लागलें. म्हणजे परीक्षेनें माणूस निवडण्याचा मोठा प्रयोग त्या लोकांनीं आधीं हिंदुस्थानच्या नोकरीवर करून पाहिला. त्या परीक्षेंत १८६९ सालीं उत्तीर्ण झालेले श्रीपाद बाबाजी ठाकूर व सुरेंद्रनाथ बानर्जी यांचीं नांवें वयाच्या मुद्द्यावर काढून टाकण्यांत आलीं होतीं. आपल्याकडे चालू वर्ष मोजतात व इंग्रज लोक पुरें झालेलें वर्ष मोजतात, या कालगणनेच्या फरकावर सगळी भानगड उभी होती. तो फरक पुढें मांडला गेल्यावर दोघेहि पुन्हां दाखल झाले. जन्मदिवसावरून निकाल फिरण्याचा हाच प्रकार पुढें अकरा वर्षांच्या मुलांच्या बाबतींतहि आला, व एका वर्गांत असूनहि महिन्यांनीं लहान असलेल्या मुलांस न्याय मिळावा म्हणून गुणांत वयानुसार भर घालण्याचीं कोष्टकें करावीं लागलीं.

आतां ग्रामर शाळांकडे वळूं. ग्रामर म्हणजे व्याकरण, आणि तें लॅटिनचें. विंचेस्टरची शाळा १३८२ ची व ईटनची १४४० ची. पुढें सहाव्या एडवर्डच्या कारकीर्दींत गांवोगांव अशा शाळांस उत्पन्नें लावून दिलेलीं आढळतात. यांपैकीं लीड्‌सच्या शाळेचें प्रकरण आमच्या वाचकांस विशेष रुचेल, कारण तें एका दानपत्राच्या अर्थासंबंधीं आहे. ही शाळा विल्यम शीफील्ड नामक गृहस्थाच्या १५५२ सालच्या मृत्युपत्रावर उभी राहिली. अठराव्या शतकाच्या अखेरीस लीड्‌स हें लोकरीच्या कापडाच्या व्यापाराचें मोठें ठाणें झालें होतें व तेथील व्यापाऱ्यांच्या मुलांस लॅटिनपेक्षां हिशेब, फ्रेंच व जर्मन यांची गरज अधिक होती. तेव्हां शाळेच्या उत्पन्नांतून हे विषय शिकवावे असें निघालें व प्रकरण चॅन्सेलरच्या न्यायासनापुढें गेलें. लॉर्ड एल्डन यानें १८०५ सालीं असा निवाडा दिला कीं, ग्रामर शाळा म्हणजे विद्वानांच्या भाषा व्याकरणशुद्ध शिकविण्याची शाळा. सबब दात्यानें दिलेला पैसा व्यापारी भाषांकडे वळवितां येत नाहीं. या अर्थास त्यानें डॉक्टर जॉन्सनच्या कोशाचा आधार घेतला. इनामाच्या सनदेंतील एका शब्दावर वर्षानुवर्षें चाललेले तंटे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. अडीचशें वर्षांपूर्वीं मेलेल्या दात्याची इच्छा या निवाड्यांत सिद्धीस गेली. गांवांतील हयात आईबापांच्या इच्छेचा विचार करण्यास कायद्यांत जागाच नव्हती. ती थोडीशी १८४० च्या कायद्यानें झाली.

१८६८ सालीं टाँटन याच्या अध्यक्षतेखालील कमिशननें आपला अहवाल सादर केला. त्यानें दुय्यम शाळांच्या तीन प्रती ठरविल्या. पहिल्या प्रतीच्या शाळेंत मूल अठराव्या वर्षापर्यंत किंवा थोडें पुढें राहावयाचें, दुसरीच्या सोळाव्यापर्यंत, तिसरीच्या चौदाव्यापर्यंत. कोणत्या प्रतीची शाळा हें बापाच्या ऐपतीवरून व धंद्यावरून ठरावयाचें, हें कमिशननें लपविलें नाहीं. पुढील काळांत हाच भेद बुद्धीच्या नांवानें मांडला गेला, तेव्हां या अहवालाचा स्पष्टपणा आम्हांस एका दृष्टीनें बरा वाटतो.

बाल्फोरच्या १९०२ च्या कायद्यानें स्थानिक शिक्षणमंडळांस दुय्यम शाळा काढण्याचा अधिकार मिळाला. १९०७ सालच्या नियमांनीं असें ठरलें कीं, सरकारी मदत घेणाऱ्या दुय्यम शाळांनीं आपल्या जागांपैकीं साधारणतः चतुर्थांश जागा प्राथमिक शाळांतून येणाऱ्या मुलांस विनाफी द्याव्या. या जागांसाठीं जी परीक्षा होऊं लागली ती लोकांत ‘स्कॉलरशिप’ या नांवानें ओळखली जाऊं लागली. आईबापांनीं खरा विचार कोठें केला असा प्रश्न कोणी आम्हांस केला, तर आम्ही या काळाकडे बोट दाखवूं. विनाफी जागा मिळाली तरी गणवेश, पुस्तकें व प्रवास यांचा खर्च घरावरच पडे. शिवाय चौदाव्या वर्षीं जें मूल गिरणींत किंवा दुकानांत लागून घरीं पैसे आणावयाचें तें सोळाव्या वर्षापर्यंत खाऊन-पिऊन शिकत बसणार. पाठीवर धाकटीं भावंडें असलीं म्हणजे हा हिशेब फारच अवघड होई. म्हणून परीक्षा उत्तीर्ण होऊनहि जागा नाकारल्याचीं उदाहरणें दोन महायुद्धांच्या दरम्यान पुष्कळ आहेत. थोरल्यास पाठवावें कीं धाकट्यास, मुलास पाठवावें कीं मुलीस, असा निर्णय चुलीपाशीं बसून झाला. त्याचा कागद कोठेंच झाला नाहीं. शाळेच्या नोंदवहींत फक्त ‘जागा स्वीकारली नाहीं’ एवढाच शेरा उरतो. या शेऱ्यावरून आईबापांस विद्येची चाड नव्हती असें अनुमान काढणारे लेखक आहेत. आम्हांस तें अनुमान उतावळेपणाचें वाटतें.

याच काळांतील एक गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे. बुद्धिमापनाच्या परीक्षा पुढें फार बदनाम झाल्या, परंतु त्यांचा एक आरंभ सद्धेतूचा होता. नॉर्थंबरलंड परगण्यांतील दूरच्या खेड्यांतल्या कित्येक शाळांतून ग्रामर शाळेसाठीं कोणी मूल पुढेंच येत नसे. तेथें हुशार मुलें नाहींत असें थोडेंच आहे, तीं दिसत नाहींत इतकेंच, असें धरून गॉडफ्रे टॉमसन यानें १९२१ च्या सुमारास त्या परगण्यासाठीं परीक्षा तयार केली. हाच टॉमसन पुढें एडिंबरोस गेला व तेथील मोरे हाउसच्या नांवानें निघालेल्या प्रश्नपत्रिका देशभर वापरल्या गेल्या. खेड्यांतील मूल शोधून काढण्यासाठीं केलेली चाळणी कालांतरानें शहरांतील बहुसंख्य मुलांस बाजूस सारण्यासाठीं वापरांत आली.

१९२६ च्या हॅडो अहवालानें अकरावें वर्ष ही प्राथमिक शिक्षणाची शेवटची पायरी ठरविली. १९४३ च्या नॉरवूड अहवालानें मुलांचीं मनें तीन जातींचीं असतात असें मांडलें: विद्येसाठीं विद्या आवडणारीं, यंत्रादि कलांकडे ओढा असणारीं, आणि प्रत्यक्ष वस्तूंत रमणारीं. गंमत अशी कीं, या तीन जातींस साजेशा तीन प्रकारच्या शाळा त्या वेळीं कमीअधिक प्रमाणांत अस्तित्वांत होत्या. मनाचे प्रकार शाळांवरून बेतले कीं शाळा मनांवरून, हें वाचकांनींच ठरवावें. १९४४ च्या कायद्यांत या तीन प्रकारांचा नामनिर्देशहि नाहीं. त्यांत फक्त वय, कुवत व कल यांस अनुरूप शिक्षण द्यावें असे शब्द आहेत. तरीहि मंत्रिकचेरीनें व बहुतेक मंडळांनीं ग्रामर, टेक्निकल व मॉडर्न अशा तीन शाळांची व्यवस्था स्वीकारली. टेक्निकल शाळा फारच थोड्या निघाल्या. उरल्या दोन, आणि त्यांपैकीं एकींत शिरण्यास अकराव्या वर्षाची परीक्षा.

या कायद्याच्या एका परिणामाकडे जितकें लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं. १९४४ पर्यंत ज्या बापाजवळ पैसा होता तो फी भरून मुलास ग्रामर शाळेंत घालीत असे. मुलाची कुवत बेताची असली तरी बहुधा निभावून जाई. नव्या कायद्यानें मंडळांच्या दुय्यम शाळांतील फी बंद केली. गरिबांस तो मोठाच लाभ झाला, यांत शंका नाहीं. पण त्याबरोबर मध्यम स्थितीच्या बापाच्या इच्छेस जी वाट होती ती बुजली. वकिलाचा किंवा दुकानदाराचा मुलगा नापास झाला कीं तोहि मजुराच्या मुलाच्या शेजारीं मॉडर्न शाळेंत जाऊन बसणार; खाजगी शाळेचा भारी खर्च झेपला तरच सुटका. पुढें निवडीच्या व्यवस्थेविरुद्ध जी तक्रार उठली तिचें मूळ आम्ही येथें पाहतों. तत्त्ववेत्त्यांनीं व पक्षांनीं तिला भाषा दिली. परंतु अशा निराश घरांची संख्या दरसाल वाढत गेली नसती, तर ती भाषा कोणी ऐकली असती असें आम्हांस वाटत नाहीं.

जागांच्या संख्येचें प्रमाण काय होतें तें पाहिलें म्हणजे आमचा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. साऱ्या देशाचा विचार करितां पांच मुलांपैकीं सुमारें एकास ग्रामर शाळा मिळे. परंतु कांहीं गांवीं दहांपैकीं एकासच मिळे, तर वेल्समधील कांहीं परगण्यांत दहांपैकीं चार किंवा अधिक मुलांस मिळे. कारण इतकेंच कीं, तेथें पूर्वींच्या लोकांनीं शाळा अधिक बांधल्या होत्या. तेव्हां तेवढेच गुण मिळविणारें मूल एका परगण्यांत ‘ग्रामरच्या योग्यतेचें’ ठरे व दुसऱ्यांत ठरत नसे. मुलींचें तर याहून वाईट. अकराव्या वर्षीं मुलींचे गुण सरासरीनें मुलांहून चांगले येत, म्हणून अनेक मंडळें दोघांच्या याद्या निराळ्या करीत व मुलींस उत्तीर्ण होण्यास अधिक गुण लागत. हें प्रकरण फार उशिरानें वरिष्ठ न्यायालयांत गेलें. बर्मिंगहॅम शहरांत निवडीच्या शाळांतून दरसाल मुलांस सुमारें ५४० जागा होत्या व मुलींस ३६०. १९८९ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्‌सनें हा भेद बेकायदा ठरविला. मंडळाच्या मनांत भेद करण्याचा हेतु नव्हता, ही सबब न्यायाधीशांनीं मानली नाहीं. तेथील ग्रामर शाळा पूर्वींच्याच होत्या व मुलांसाठीं अधिक होत्या, इतकें पुरे होतें. येथेंहि जुन्या दात्यांच्या देणग्या हयात मुलींच्या आड आल्या होत्या.

१९५७ सालीं राष्ट्रीय शिक्षणसंशोधन संस्थेतर्फे येट्‌स व पिजन यांनीं जी पाहणी प्रसिद्ध केली तिच्यांत उत्तमांत उत्तम रीतीनें परीक्षा घेतली तरी सुमारें दहांत एक मूल भलत्या शाळेंत जातें, असें निघालें. परीक्षकांनीं हा निकाल आपल्या कामाची वाहवा म्हणून वाचला, व आईबापांनीं आरोपपत्र म्हणून वाचला.

या संदर्भांत सिरिल बर्ट याच्या जुळ्या मुलांसंबंधीं कागदांचा उल्लेख केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं, कारण खऱ्या-खोट्या कागदांची पारख हा आपला नित्याचा उद्योग. बुद्धि मुख्यतः जन्मतःच मिळते हें दाखविण्यासाठीं बर्टनें वेगवेगळ्या घरीं वाढलेल्या जुळ्यांचे आंकडे वेळोवेळीं छापले. जोड्यांची संख्या वाढत गेली, तरी सहसंबंधाचा एक आंकडा ०.७७१ असा तिसऱ्या दशांशस्थळापर्यंत तोच राहिला. हें १९७४ सालीं अमेरिकेंतील केमिन यानें चव्हाट्यावर आणलें. १९७९ सालीं बर्टचें चरित्र लिहिणाऱ्या हर्नशॉ यानें त्याच्या रोजनिश्या तपासून आंकडे बनावट असल्याचा अभिप्राय दिला. त्यानंतर १९८९ व १९९१ सालीं जॉयन्सन व फ्लेचर यांनीं बर्टची बाजू घेतली. वाद कांहीं असो, कालक्रम विसरतां कामा नये. हे वादग्रस्त आंकडे बहुतांशीं १९४४ नंतरचे आहेत. सबब ग्रामर शाळांची व्यवस्था खोट्या कागदांवर उभारली गेली असें जें कोणी बेधडक लिहितात, तें कालविपर्यासाचें आहे. बर्टचें वजन त्यापूर्वींच्या कमिट्यांवर होतें हें खरें. तें या आंकड्यांचें मात्र नव्हे.

आतां शहात्तराव्या कलमाकडे परत येऊं. केस्टिव्हेन परगण्यांतील एका कॅथॉलिक पित्यानें आपल्या जुळ्या मुलांस आपल्या पंथाच्या वसतिशाळेंत घातलें व तेथील फी मंडळानें भरावी अशी मागणी केली. मंडळ स्टॅम्फर्डच्या शाळेंत त्यांची सर्व फी भरण्यास तयार होतें. १९५५ सालच्या निवाड्यांत न्यायाधीश डेनिंग यांनीं सांगितलें कीं, आईबापांच्या इच्छेप्रमाणें प्रत्येक वेळीं झालेंच पाहिजे असें हें कलम म्हणत नाहीं. तें एक सामान्य तत्त्व सांगतें, व मंडळानें त्याबरोबर इतर गोष्टींचाहि विचार करावयाचा आहे. अकरा वर्षें जें कलम आईबाप आपली सनद म्हणून दाखवीत होते, तें या एका निवाड्यानें सनदेच्या पदवीवरून खालीं आलें.

सर्वांस घेणाऱ्या काँप्रिहेन्सिव्ह शाळांची हकीकत थोडक्यांत सांगतां येते. अँगलसी बेटानें १९५३ पर्यंत आपल्या सर्व शाळा एकत्र करून टाकल्या. लंडनांत किडब्रूकची मोठी शाळा १९५४ सालीं उघडली. १९६५ च्या जुलैंत मंत्री क्रॉसलंड यांनीं परिपत्रक काढलें. त्यांत मंडळांस ‘आज्ञा’ न करितां ‘विनंति’ केली होती, व या एका शब्दावर बराच खल झाला होता. त्या सालीं दहांत एकाहून कमी मुलें अशा शाळांत होतीं. १९८० पर्यंत दहांत आठांहून अधिक झालीं. मध्यंतरीं १९७० सालीं मार्गारेट थॅचर या बाईंनीं तें परिपत्रक मागें घेतलें, तरी मंडळांकडून अर्ज येतच राहिले, व त्यांच्याच मंत्रिपदाच्या काळांत सर्वांत अधिक शाळा बदलल्या.

तथापि आमच्या सिद्धांतास दोन प्रसंग प्रतिकूल दिसतात, ते झांकून ठेवणें उचित नव्हे. टेमसाइड येथें १९७६ सालीं नव्यानें निवडून आलेल्या मंडळानें पांच ग्रामर शाळा राखण्याचें ठरविलें. मंत्र्यानें मनाई केली व हाउस ऑफ लॉर्ड्‌सनें मंडळाच्या बाजूनें निकाल दिला. दुसरा प्रसंग रिपनचा. १९९८ च्या कायद्यानें आईबापांस ग्रामर शाळांविषयीं मतदान करण्याचा हक्क मिळाला, व २००० सालीं तेथील आईबापांनीं ७४७ विरुद्ध १४९३ मतांनीं ग्रामर शाळा राखली. तेव्हां आईबापांस निवडीची शाळाच हवी होती, असें म्हणावें काय? टेमसाइडचेच आंकडे पाहावे. २४० जागांसाठीं ७८३ अर्ज आले. म्हणजे ज्यांनीं निवडीची शाळा पसंत केली त्यांतील ५४३ घरांस तीच व्यवस्था ‘नाहीं’ म्हणणार होती. शाळा राखावी असें म्हणणें ही आशा होय. ती परीक्षेपूर्वीं बहुतेकांस असते. निकालानंतरच्या आईबापांचें मत कोणीं स्वतंत्रपणें मोजलें असतें तर तें उपयोगी साधन झालें असतें.

आज इंग्लंडांत १६३ ग्रामर शाळा उरल्या आहेत. केंट, बकिंगहॅमशर व लिंकनशर हे त्यांचे मुख्य परगणे. केंटमध्यें मुलाचें नांव परीक्षेसाठीं आईबापांनीं स्वतः नोंदवावें लागतें. बकिंगहॅमशरमध्यें सरकारी प्राथमिक शाळेंतील मुलांचीं नांवें आपोआप जातात, नको असल्यास काढून घ्यावीं लागतात. हा भेद कारकुनी दिसतो, परंतु इच्छा कोणाची गृहीत धरावयाची हा सगळा प्रश्न त्यांत आहे. ज्यास नियम माहीत नाहीं किंवा वेळ नाहीं त्या बापाचें मूल एका परगण्यांत परीक्षेस बसतें व दुसऱ्यांत बसत नाहीं. ऑक्टोबरअखेर अर्ज भरावयाचा, व १ मार्चच्या सुमारास शाळेचें नांव कळावयाचें. ज्यांस परवडतें ते शिकवण्या लावतात. जेथें परीक्षा नाहीं तेथें शाळेपासूनचें अंतर मोजलें जातें, म्हणून चांगल्या शाळेच्या आसपास घर घेण्याची धडपड चालते. फी बंद झाली तरी पैसा दुसऱ्या वाटेनें आंत येतो. या घरबदलास तोड म्हणून ब्रायटन येथें २००८ सालापासून, एका हद्दींतील अर्ज जागांहून अधिक झाले कीं चिठ्ठ्या टाकूं लागले. देवापुढें कौल लावणाऱ्या आमच्या लोकांस ही रीत समजण्यास जड जाणार नाहीं. आणि मूळ कलमाचें काय झालें? १९८० च्या कायद्यानें ‘इच्छे’च्या जोडीस ‘पसंती’ हा शब्द व अपिलाचा हक्क आणला. शहात्तराव्या कलमाचे शब्द बहुतेक जसेच्या तसे १९९६ च्या कायद्यांत नववें कलम होऊन राहिले आहेत.

साधनांविषयीं एक सूचना करून हा लेख संपवितों. मंत्रिकचेरीचीं दप्तरें लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दफ्तरखान्यांत आहेत व शाळांच्या रोजवह्या पुष्कळशा परगण्यांच्या दफ्तरखान्यांत आहेत. त्यांस कोणी वाली आहे. ज्यांस कोणी वाली नाहीं तीं म्हणजे घरांतील पत्रें: निकालाचें पत्र, मंडळास लिहिलेल्या तक्रारीची नक्कल, गणवेशाच्या दुकानाची यादी. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचें आहे, व त्या शहराच्या आसपास मराठी कुटुंबें कित्येक पिढ्या राहिलीं आहेत. त्यांच्या मुलांनींहि त्याच शाळांची वाट धरली. त्यांच्या पेट्यांत अशीं पत्रें असण्याचा संभव आहे. ज्या संग्राहकांचा तिकडे घरोबा असेल त्यांनीं तीं लिफाफ्यासकट मिळवावीं. पत्रावर तारीख नसली तर टपालाच्या शिक्क्यावरून ती लावतां येते, आणि त्या वर्षींच्या जागांच्या यादीशीं ताडून पाहतां येते.